पिवळ्या तांदळाची सासू

९ फेब्रुवारी

मायना काय लिहावा हे ठरेना, म्हणून पत्र कालपासून अडलंय. ‘तीर्थरूप आई’ लिहिलं आणि खोडलं. ‘सासूबाई’ म्हणावं, तर ते नातं कोर्टाने सहीशिक्क्यानिशी काढून घेतलंय. ‘काकू’ म्हणावं, तर तुम्ही पत्र न वाचताच चुलीत घालाल. तेव्हा मायन्याची जागा कोरी सोडली आहे. योग्य वाटेल ते तुम्हीच भरा.

तुमचा मुलगा आणि मी वेगळे झालो त्याला सात वर्षं होत आली. लेक सुट्टीत तिकडे येते, तुमच्याकडून लाड करून घेते आणि गुबगुबीत होऊन परत येते. पण तुमच्या-माझ्यात या सगळ्या काळात एका शब्दाची देवाणघेवाण नाही. तुम्ही माझं नाव टाकलंय, असंच मी धरून चालले होते.

आणि परवा आमच्या संस्थेची माहिती अधिकारी तुमच्या शहरातली सभा आटोपून आली ती थेट माझ्या टेबलाशी. म्हणाली, “मॅडम, तुमच्या सासूबाई काय जबरदस्त आहेत हो!”

मी म्हटलं, “मला सासू नाही.”

“मग त्या कोण होत्या?”

तिने सांगितलं तसं लिहिते, कुठे चुकलं तर दुरुस्त करा. सभा आमच्या तांदळावर होती. परवानगी देण्याआधी समिती ठिकठिकाणी लोकांचं म्हणणं ऐकून घेतेय, त्यातली ही एक. हॉल भरलेला. निम्मे लोक विरोध करायला आलेले, निम्मे चहाला. एक गृहस्थ उठून म्हणाले, प्रयोगशाळेत जनुकं इकडची तिकडे केलेला भात आमच्या पोरांच्या पोटात कशाला? जीवनसत्त्वच हवं असेल तर गाजरं खा म्हणावं! टाळ्या पडल्या. तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी काठी टेकत उठल्या. (तुम्हाला काठी लागली हेही मला असं परक्याकडून कळावं!)

तुम्ही म्हणालात, “गाजरं खा म्हणायला काय जातं? आमच्या घरी दोन्ही वेळा भातच असायचा, तोही असला तर. माझ्या धाकट्या बहिणीला दिवस मावळला की दिसायचं बंद व्हायचं. हाताला धरून आणावं लागायचं घरात. पुढे गोवर आला आणि तिचा एक डोळा घेऊन गेला. तेव्हा कुणी गाजरवाला आला नव्हता.”

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे आजी, तुमचा या तांदळाला पाठिंबा आहे असं लिहून घेऊ?”

“तांदळातलं मला काही कळत नाही. पण तो करणारीला मी ओळखते. लग्न होऊन आली त्या दिवशी सगळे माझ्या हातच्या जेवणाचं कौतुक करत होते. ही एकटी म्हणाली, ‘आई, भाजी खारट झालीय.’ जिला तोंडदेखलं गोड बोलता येत नाही, ती तुम्हाला खोटं काय सांगणार?”

सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, “त्या तुमच्या कोण?”

“माझी सून आहे.”

आहे. होती नाही. मी त्या माहिती अधिकारी बाईला पुन्हा विचारलं, नक्की ‘आहे’ म्हणाल्या? ती म्हणाली, “मॅडम, हातात माईक होता त्यांच्या. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.”

त्यासाठी हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं आणि मला बोलता कमी येतं. तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळलंय की नाही, कोण जाणे. मला कळलंय. मी त्या दिवशी दुपारी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले होते आणि कुणी आलं की फाइल वाचत असल्याचं दाखवत होते.

सही काय करू? तीही जागा कोरी.

२ मार्च

आई,

तुमचं उत्तर मिळालं. सात वर्षांनी आलेलं पत्र, आणि ओळी चारच: ‘मायना भरला. आई लिही. एवढी शिकलीस आणि एवढं कळलं नाही? आणि भाजी खारट नव्हती.’

होती. पण तो वाद आता जाऊ दे.

त्या सभेपासून मागचं एकेक वर येतंय. मुलाखत घ्यायला आलेले लोक हटकून विचारतात, तुम्ही याच कामाकडे कशा वळलात? मी जगातल्या मुलांचे आकडे सांगते. आकडे खरेच आहेत, पण आकड्यांनी कुणी वळत नाही. मी वळले ती तुमच्या धाकट्या बहिणीमुळे, मावशींमुळे. नवी नवी होते, आपण दोघी धान्य निवडत बसलो होतो आणि तुम्ही सहज बोलावं तसं सांगितलंत की, ‘धाकटी संध्याकाळी उंबऱ्याशी पाय चाचपडायची आणि आम्ही भावंडं तिला हसायचो. आम्हाला वाटायचं सोंग करतेय.’ तुम्ही खडा काढून बाजूला टाकलात आणि पुढचं निवडू लागलात. मी तेव्हा भाताच्या रोगांवर काम करत होते. त्याच आठवड्यात संचालकांकडे गेले आणि म्हटलं, मला त्या पिवळ्या दाण्याच्या गटात घ्या. ते म्हणाले, “त्या गटात काही निष्पन्न होईल याची खात्री नाही.” मी म्हटलं, “चालेल.”

तुम्ही एकदा विचारलं होतंत, तांदळात हे आधीपासूनच का नव्हतं? मी सांगितलं होतं की ज्या पिवळ्या द्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते भाताच्या पानात असतंच. आपण खातो त्या पांढऱ्या दाण्यात मात्र रोप ते करण्याच्या भानगडीत पडत नाही. आम्ही मक्यातलं एक आणि मातीतल्या एका सूक्ष्म जिवातलं एक, अशी दोन जनुकं भातात बसवून ते काम दाण्यातही सुरू करू पाहतोय. तुम्ही म्हणालात, “म्हणजे पाणी माळ्यावर होतंच, तू नळ खालच्या मजल्यावर आणतेयस.” हे वाक्य मी पुढे कितीतरी भाषणांत वापरलं आणि टाळ्या माझ्या नावावर घेतल्या.

आणि ते बाक! प्रयोगशाळेच्या बाहेरच्या लांब ओसरीतलं, एक पाय डुगडुगणारं. लेक अंगावर पीत होती आणि माझी कोवळी रोपं काचेच्या बाटल्यांत होती, दोघांनाही सोडता येत नव्हतं. तुम्ही रोज दुपारी तिला कडेवर घेऊन बस बदलून यायचात. मी हात कोपरापर्यंत धुऊन बाहेर यायचे, तिला पाजायचे आणि पुन्हा आत पळायचे. कधी बाटल्यांना बुरशी लागलेली असायची, महिन्यांचं काम कचऱ्यात गेलेलं असायचं. तुम्ही कधी ‘काय झालं’ विचारलं नाही. नुसतं म्हणायचात, “आधी पाणी पी.” दारावरचा रखवालदार तुम्हाला माझी आई समजायचा आणि तुम्ही त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

पहिला पिवळा दाणा सोलला तेव्हा मी तो घरी घेऊन पळत आले. तुमचा मुलगा दारात होता, त्याला ओलांडून स्वयंपाकघरात तुमच्याकडे आले. त्याला ते लागलं असणार. आता कळतं. तुम्ही माझ्या तळहाताकडे बघितलंत आणि म्हणालात, “हळद सांडली का गं?”

मग चष्मा लावून पुन्हा बघितलंत आणि स्टुलावर बसलात.

कामाचं सगळं ठीक आहे. शेतातली रोपं यंदा जरा बुटकी वाटतायत, पण हवेमुळे असेल. काठी जपून वापरा. ओल्या फरशीवर तिचं रबर सरकतं, ते बदलून घ्या.

तुमची,
सून (तुम्ही म्हणता म्हणून)

२६ मार्च

आई,

मागच्या पत्रात ‘सगळं ठीक आहे’ असं लिहिलं. ठीक नाही. भर सभेत तुम्ही माझ्या खरेपणाची ग्वाही दिलीत आणि मी तुम्हालाच गोड बोलून वाटेला लावलं.

रोपं बुटकी आहेत ती हवेमुळे नाहीत. आम्ही निवडलेला जो वाण आहे, सगळ्यांत पिवळा, ज्यावर सगळी कागदपत्रं झालीत, तो काचघरात छान वाढतो. उघड्या शेतात, वाऱ्यापावसात, स्थानिक भाताशी संकर करून लावला, तर तो खुरटतो. पानं फिकी, लोंब्या कमी. गेल्या हंगामात एका ठिकाणी दिसलं तेव्हा वाटलं, जमीन वाईट असेल. यंदा तिन्ही ठिकाणी तेच.

कारणही सापडलं. जनुक रोपात घालता येतं, पण ते नेमकं कुठे जाऊन बसेल हे आपल्या हातात नसतं. आमचं जिथे बसलंय, तिथे रोपाचं स्वतःचं एक जनुक आहे, वाढीचं. तेच मधोमध फाटलंय. समजा, घरी पाहुणा आला, माणूस गुणी आहे, कामाचा आहे, पण नेमका स्वयंपाकघराच्या दारात अंथरूण टाकून झोपला. त्याचा दोष काही नाही. पण घर उपाशी राहणार.

भात खाणाऱ्याला यात धोका काही नाही, हे पुन्हा पुन्हा तपासलंय. धोका पेरणाऱ्याला आहे. त्याचं पीक कमी येणार.

समितीचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे. संचालकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आकड्यांचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “आधी परवानगी हातात पडू दे. मग वाण सुधारू. सुधारणा चालूच राहतात.”

मी म्हटलं, “कागदावर हाच वाण आहे. लोक हाच पेरतील.”

“आणि थांबलो तर? पुन्हा पहिल्यापासून संकर, चाचण्या, सभा. चार-पाच वर्षं. या चार-पाच वर्षांत किती पोरांचे डोळे जातील याचा हिशेब तूच भाषणात सांगतेस ना? खरं बोलण्याचं समाधान तुला मिळेल. त्याची किंमत ती पोरं मोजतील.”

आई, ते वाईट माणूस नाहीत. माझ्या आधी कितीतरी वर्षं ते यात आहेत, त्यांचे केस यातच पांढरे झाले. मी घरी आले, जेवले नाही. लेकीला म्हटलं पोट बिघडलंय. ती म्हणाली, “आई, तुला खोटं बोलता येत नाही तर कशाला बोलतेस?” आता तीच तुमची शिकवण माझ्यावर चालवते.

संचालकांना द्यायचं उत्तर दोन दिवसांनी सुचलं. ज्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि शेत हातभर, तिथे आपण कमी पिकणारं बी दिलं, तर ती बाई ते एकदाच पेरेल. पुढे त्याहून चांगलं, भरघोस पिकणारं घेऊन गेलो तरी ती म्हणेल, तो पिवळा ना? नको बाई. एकदा हात पोळलेत. मग तो तांदूळ कायमचा गेला, चार-पाच वर्षांपुरता नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि आपलं पहिलंच शीत कच्चं निघणार.

संचालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “तू समितीला कळवलंस तर गटप्रमुख म्हणून तुला ठेवता येणार नाही मला.” आवाज चढवून नाही म्हणाले. खालच्या मानेने म्हणाले.

उद्या समितीला कळवते आहे. भीती वाटते. सगळ्यात वाईट याचं वाटतं की तुम्ही चारचौघांत माझ्यासाठी उभ्या राहिलात आणि आता तेच चारचौघं तुम्हाला बोल लावतील. पेपरात वाचण्याआधी हे माझ्या हातून कळावं, म्हणून घाईने टाकतेय.

तुमची,
सून

२० जून

आई,

तुम्ही तिकडे परत गेल्यापासून घर कसं मोठं मोठं झालंय. लेक तुमच्या पलंगावर झोपते आणि उशी धुवायला देत नाही.

तुम्ही इथे होतात तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. माझं असंच आहे, समोरचं माणूस उठून गेलं की मला शब्द फुटतात.

त्या एप्रिलमध्ये मी कुणाशी बोलत नव्हते. पेपरात आलं होतं, ‘पिवळा तांदूळ आपटला, शास्त्रज्ञाचीच कबुली.’ विरोधकांनी ते फलकांवर लावलं. आमच्यातल्यांनी माझ्याकडे बघायचं सोडलं. गटातली पोरं, मी हाताला धरून शिकवलेली, ओसरीत समोरून आली की खिशातून फोन काढायची. मला गटातून काढून बियाण्यांच्या शीतगृहात बसवलं. तिथे फक्त डबे आणि थंडी. आणि तुमच्या गल्लीत तुम्हाला काय नाव पडलं तेही मला लेकीकडून कळलं. भाजी घ्यायला गेलात की लोक म्हणायचे, ‘आली बघा, पिवळ्या तांदळाची सासू!’ ते ऐकून मी पलंगावरून उठायचं सोडलं. रजा टाकली. भांडी तशीच.

मग एका सकाळी फाटकाशी गाडी थांबली. तुमचा मुलगा खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि आधी काठी बाहेर आली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “ऐकत नाही ती. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. तर म्हणाली, लोकांना विचारून मी तुला जन्म दिला नव्हता.” त्याच्या बायकोने गाडीत तुमची औषधं, गरम पाण्याची पिशवी, सगळं नीट बांधून दिलं होतं, वर कुठली गोळी कधी ते लिहून. तिला माझा नमस्कार सांगा. ऐकायला विचित्र वाटेल, तरी सांगा.

तो चहाला थांबला. सात वर्षांत पहिल्यांदा. कपबशी विसळून ठेवून गेला. आमच्या संसारात कधी विसळली नव्हती, तिने चांगलं वळण लावलंय.

तुम्ही दारात उभ्या राहून घर बघितलंत, मला बघितलंत. मी रडायला लागले. म्हटलं, “आई, तुमचा शब्द मी खाली पाडला.”

“कुठला शब्द?”

“सभेतला. लोक तुम्हाला हसतात.”

तेव्हा तुम्ही जे म्हणालात, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, “मी तांदळाला जामीन राहिले नव्हते. तुला राहिले होते. तू पडलीस का? नाही ना? मग उठ, केस विंचर. डोक्यात काय घरटं करून घेतलंयस?”

आणि भांड्यांकडे गेलात.

पुढचा महिना तुम्ही मला एकही उपदेश केला नाहीत. सकाळी डबा हातात द्यायचात आणि दार लावून घ्यायचात. आतून कडी! म्हणजे मी परत फिरायला नको. शीतगृहात जायचे, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. आणि तिथे बसून बसून मी जुने डबे बघायला लागले. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही कितीतरी वेगवेगळी पिवळी रोपं केली होती आणि सगळ्यात पिवळं तेवढं ठेवून बाकीची बाजूला सारली होती. म्हटलं, आता रंग बघायचा नाही. जनुक कुठे बसलंय ते बघायचं. एकेक तपासत गेले. एक निघालं, रंगाने फिकं, पण पाहुणा अगदी ओसरीच्या कोपऱ्यात, कुणाच्या अध्यातमध्यात नाही असा. मूल रोज भात खाणारं असेल तर तेवढा रंग पुरेल, असं हिशेब सांगतो. आता तो संकरात घ्यायचा. वेळ लागेल.

संचालक परवा शीतगृहात आले. स्वेटर न घालता आले, कुडकुडत होते. म्हणाले, “सापडलं म्हणतात काहीतरी?” मी दाखवलं. डब्यावरची जुनी चिठ्ठी वाचली त्यांनी. मग म्हणाले, “तेव्हा आपण हे टाकून दिलं होतं?”

“आपण नाही, मीच. रंग कमी म्हणून.”

“मीही सही केली होती,” ते म्हणाले. “चल, आता माणसं किती लागतील सांग. आणि इथून बाहेर ये बाई, मरशील गारठून.”

त्यांचेही उपकारच म्हणायचे. माझ्यामुळे त्यांना वरून किती ऐकावं लागलं ते मला नंतर कळलं, त्यांनी मात्र त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

आणखी एक. जायच्या आदल्या दिवशी आपण कपड्यांच्या घड्या घालत होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं होतं की मी ते घर सोडलं त्या दिवशी तुम्ही बाहेर का आला नाहीत. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी दोन्ही बॅगा घेऊन वाट बघत उभी होते. तुम्ही चादरीची टोकं जुळवत म्हणालात, “बाहेर आले असते तर तुझी एक बॅग मी उचलली असती आणि तुझ्यामागे चालू लागले असते. मग माझ्या पोराला कोण होतं?”

मी घडी घातली. तुम्ही म्हणालात, “वाकडी झाली, परत घाल.”

त्या लोटलेल्या दाराकडे मी सात वर्षं पाठ करून उभी होते. त्यामागे काय होतं ते आता कळलं, आणि आई, फार हलकं वाटतंय.

गुडघ्याला तेल लावत जा. आळस नको.

तुमची,
सून

१९ नोव्हेंबर, चार वर्षांनंतर

आई,

गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला नाही, माझ्या घरी विश्रांतीला आलात आणि जिना चढून गच्चीवर गेलात, हे लेकीने मला कळवलंय. घर माझं असलं तरी गच्ची डॉक्टरांच्या ताब्यात आहे असं समजा. लेक परीक्षेचा अभ्यास करतेय की तुमच्याबरोबर पत्ते खेळतेय? हिशेबाचं शिकणारी मुलगी पत्त्यांत आजीकडून हरते हे शोभत नाही. तुमच्या मुलाचा फोन आला होता, रविवारी तो आणि त्याची बायको तुम्हाला भेटायला येतायत. पाहुण्यांची खोली उघडून हवेशीर करायला सांगा.

तुमचा नवा गुडघा दुखरा नसता तर आज तुम्हीच इथे असता. म्हणून सगळं लिहून पाठवतेय.

परवानगी मिळाल्यानंतरची ही पहिली कापणी. ज्या घरांनी बी नेलं त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, पीक कसं आलं, खाल्लं का, मुलांनी काय केलं. मी खरं तर येणार नव्हते, हे काम तरुण मंडळींचं. पण संचालक निवृत्त होताना म्हणाले होते, “पहिली कापणी झाली की तू स्वतः जा. मला जमणार नाही, माझ्याही वाटणीचं बघून ये.” म्हणून आले. बी वाटणाऱ्या बाईंच्या मागे मागे, त्यांची मदतनीस असल्यासारखी. मी कोण ते कुणाला सांगू नका असं त्यांना आधीच बजावलं होतं.

पीक इतर भाताइतकंच आलंय. तुम्हाला या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. मी मात्र बांधावर उभी राहून ते परत परत मनात म्हणत होते. इतर भाताइतकंच.

दुपारी एका घरी गेलो. दोनच खोल्या, पण अंगण असं स्वच्छ झाडलेलं की चप्पल काढून ठेवायला संकोच वाटावा. घरची बाई, तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची पोर, आणि भिंतीला टेकून बसलेली तिची म्हातारी सासू. आम्ही जेवणाच्या वेळेला पोचलो, तेव्हा उठू देण्याचा प्रश्नच नव्हता. चुलीवर भात शिजत होता. झाकण काढलं तशी वाफ वर आली आणि आत तो पिवळा. फार नाही, कोवळ्या उन्हाइतका.

म्हातारी लगेच म्हणाली, “मी हिला सांगितलं, असला रंगीत भात माझ्या ताटात नको.”

बाई हसली. “आत्या, काल दोनदा घेतलात.”

“काल भूक होती.”

पोर तोवर खाली उतरून चुलीकडे निघाली होती. आईने तिला एका हाताने मागे ओढलं, दुसऱ्या हाताने भातावर चमचाभर तेल घातलं, कालवला, एक घास तिच्या तोंडात दिला. मी बघत होते, आई. एवढी वर्षं, एवढ्या बाटल्या, एवढी बुरशी, एवढ्या सभा. आणि पोरीने काय केलं? चावला, गिळला, आणि बाहेर कोंबडी ओरडली तिकडे बघायला लागली. तिला त्यात काहीच नवं नव्हतं. पुढच्या घासाला तोंड उघडलं, तेही कोंबडीकडे बघत.

आमच्याही पुढे ताटं आली. मी हा भात यापूर्वी खाल्ला आहे, पण चाचणीच्या खोलीत, चमच्याने, प्रश्नपत्रिका समोर ठेवून. कुणी वाढलेला असा कधीच खाल्ला नव्हता. बी वाटणाऱ्या बाईंनी विचारलं, “कसा वाटतो घरात सगळ्यांना?”

घरची बाई वाढता वाढता म्हणाली, “बरा आहे. पोटाला बसतो, पोरीला आवडतो. शहरात कुठेसा बनवलाय म्हणे. कोणी केलाय कोण जाणे.”

म्हातारी म्हणाली, “कुणी का केला असेना, त्याचं भलं होवो. मला वाढ थोडा.”

बी वाटणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. बोलले असते तर रडले असते आणि त्या घरातल्यांना वाटलं असतं जेवणात काही चुकलं. बाईने भांडं माझ्याकडे वळवलं. “तुम्हाला, ताई?”

मी ताट पुढे केलं. म्हटलं, “वाढा. भरपूर वाढा.”

तुमची,
सून